इनॅमलच्या तारेची टोकं: माझा अनुभव

फेराइट रॉडवर (रेडिओतल्या अँटेनाच्या काळ्या चुंबकीय कांडीवर) मिडियम वेव्हची कॉइल गुंडाळणं फारसं अवघड नाही. खरी परीक्षा तारेच्या दोन टोकांची असते. त्यांच्यावरचं इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, पूर्ण निघालं पाहिजे आणि उघड्या तांब्यावर सोल्डरचा अखंड, चकचकीत थर बसला पाहिजे; यालाच टिनिंग म्हणतात. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ धारदार, म्हणजे शेजारच्या स्टेशनांपासून स्पष्ट वेगळं, लावता येईल असा छोटा रेडिओ मला करायचा होता, आणि त्यातलं सगळ्यात जास्त लक्ष या टोकांनीच मागितलं.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन ‘वायंडिंग वायर’ म्हटलं की दुकानदार आधी गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, विचारतो. २६ गेज म्हणजे साधारण ०.४६ मि.मी. आणि ३६ गेज म्हणजे ०.१९ मि.मी. हे माहीत असलं की तिथलं बोलणं सोपं होतं. पण आपल्याला सोल्डर करायचं असेल तर तारेवर इनॅमल कोणतं आहे हेही तितकंच विचारायला हवं. छोट्या कॉइल्सच्या बऱ्याच तारांवर पॉलियुरेथेन असतं. ते ३७५ ते ४०० अंश सेल्सिअसला विघटित होतं आणि वितळलेलं सोल्डर त्याच्या मागोमाग तांब्याला धरतं, त्यामुळे वेगळं खरवडावं लागत नाही. मोटरच्या तारेचं तसं नसतं. ‘ड्युअल कोट’ म्हणून मिळणाऱ्या तारेवर खाली पॉलिएस्टर-इमाइड आणि वर पॉलिअमाइड-इमाइड असतं. सतत २०० अंश सोसणाऱ्या वर्गातली ही तार सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेला दाद देत नाही.

हे मला आमच्या भागातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्या मामांनी एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांच्याकडून आणलेला तुकडा सोल्डर घेईना म्हणून मी विचारायला गेले.

“ताई, ही पंपाची तार. रात्रंदिवस तापूनही वरचं कोटिंग टिकलं पाहिजे म्हणून तर ती बनवलीय. तुमच्या आयर्नने काय होणार तिला?”

“मग तुम्ही टोकं कशी काढता?”

“ब्लेडने खरवडायची, मग पॉलिश पेपर. पण ब्लेड आडवं धरा, चीर पडली तर तार तिथेच तुटते.”

त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. ब्लेड उभं धरलं की तांब्यात खाच पडते आणि दोन-चारदा वाकवलं की तार नेमकी त्या खाचेवर तुटते. पातं तारेला जवळजवळ समांतर ठेवून, तार थोडी थोडी फिरवत, चहूबाजूंनी खरवडायचं. २६ गेज किंवा त्याहून जाड तारेसाठी मला आजही हीच पद्धत सगळ्यात विश्वासाची वाटते. काहीजण लायटरने इनॅमल जाळतात. मी ते करत नाही, कारण तांब्यावर काळं ऑक्साइड चढतं आणि ते पुन्हा घासावंच लागतं. ॲस्पिरिनच्या गोळीवर तार ठेवून आयर्न टेकवायचीही एक युक्ती आहे. इनॅमल निघतं, पण धूर नाकाडोळ्यांना झोंबतो आणि मागे आम्लाचा अंश राहतो. घरात ती नकोच.

इनॅमलच्या रंगावर मी भरवसा ठेवत नाही. गुलाबी-लाल तार बहुतेक वेळा पॉलियुरेथेनची निघते, पण बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारातून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरमधली तार काय असेल ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून एक तुकडा कापायचा आणि आयर्नच्या बिटवर (टोकावर) सोल्डरचा फुगीर थेंब घेऊन त्यात टोक बुडवायचं. चार-पाच सेकंदांत बुडबुडे येऊन टोक चकाकलं तर ती सोल्डर घेणारी तार. नुसतीच तपकिरी पडली तर ब्लेड काढायचं.

सोल्डर घेणाऱ्या तारेची रीत अशी. सुरुवात नेहमी कापलेल्या टोकापासून करायची, कारण तिथे तांबं उघडं असतं आणि उष्णता आत शिरते. थेंब टोकाला लावून थांबायचं, इनॅमल सुटू लागलं की थेंब हळूहळू मागे न्यायचा. काळी जळकी घाण थेंबावर साचते. ती ओल्या स्पंजवर पुसून ताजं सोल्डर आणि थोडी राळ (फ्लक्स) घेऊन दुसरा हात फिरवायचा. कल्हईवाला भांडं घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो, तसाच हाही क्रम आहे. राळेशिवाय घाई केली तर सोल्डर गोळ्या होऊन ओघळतं.

हे करताना खिडकी उघडी आणि छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा लावलेला हवा. तापलेल्या पॉलियुरेथेनमधून आयसोसायनेटं सुटतात आणि ती श्वासमार्गाला घातक असतात. दम्याच्या माणसाने तर त्या खोलीत थांबूच नये.

आता लिट्झ, म्हणजे बरेच बारीक इनॅमलचे धागे एकत्र पिळून केलेली तार. कॉइलसाठी मी रेशमी वेष्टणाची, ०.०७ मि.मी.च्या दहा धाग्यांची लिट्झ तार घेतली होती. ७९२ किलोहर्ट्झला तांब्यात विद्युतप्रवाह पृष्ठभागापासून साधारण ०.०७४ मि.मी. खोलीपर्यंतच प्रामुख्याने वाहतो, म्हणून एका जाड तारेपेक्षा वेगवेगळे इनॅमल असलेले बारीक धागे फायद्याचे ठरतात. पण टोकाला दहाच्या दहा धागे जोडले गेले तरच. एखादा धागा इनॅमलसकट तसाच राहिला तरी बाहेरून टोक सुरेख चकाकतं आणि मल्टिमीटरचा बझरही वाजतो.

मग खात्री कशी करायची? हिशेब कागदावर मांडता येतो. ०.०७ मि.मी. धाग्याचा रोध मीटरला सुमारे ४.५ ओहम, दहा एकत्र म्हणजे ०.४५. माझ्या कॉइलला साधारण अडीच मीटर तार लागली, म्हणजे सगळे धागे जोडलेले असतील तर १.१२ ओहम. एक सुटला तर १.२४, दोन सुटले तर १.४०. साध्या मीटरवर एवढा फरक धड दिसत नाही, कारण त्याच्या प्रोबचाच रोध आड येतो. म्हणून कॉइलमधून स्थिर १०० मिलिॲम्पियर सोडायचे आणि व्होल्टेज थेट तारेच्या दोन टोकांवर मोजायचं: ११२, १२४ की १४० मिलिव्होल्ट, लगेच कळतं. हे मोजमाप हाती आल्यावर टिनिंगबद्दलची माझी धाकधूक संपली. आकडा जास्त आला की टोक थोडं कापायचं, रेशीम मागे सारायचं, धागे पंख्यासारखे पसरायचे आणि राळ लावून पुन्हा थेंबातून न्यायचे.

इथे एक धोका असतो. इतका बारीक तांब्याचा धागा गरम सोल्डरमध्ये विरघळतो. आयर्न ४०० अंशांवर ठेवून रेंगाळलं तर टोक बारीक होत जातं आणि शेवटी नाहीसं होतं. कथिलाचं प्रमाण जास्त असलेल्या, शिसं नसलेल्या सोल्डरमध्ये हे आणखी लवकर होतं. त्यामुळे लिट्झसाठी मी ६०/४० (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डरच वापरते, इनॅमल सुटलं की लगेच बाहेर काढते आणि काम झाल्यावर हात साबणाने धुते.

११३ मिलिव्होल्ट दिसल्यावर कॉइल गँगला, म्हणजे स्टेशन लावायच्या फिरत्या कपॅसिटरला, जोडली. साधारण २४० मायक्रोहेन्रीच्या कॉइलला ७९२ साठी १७० पिकोफॅरडच्या आसपास लागतात, म्हणून ट्रिमर (बारीक जुळवणीचा छोटा कपॅसिटर) तिथून सुरू केला. स्टेशन लागलं आणि नॉब किंचित हलवला तरी सुटू लागलं, म्हणजे हवं तसं धारदार लागत होतं. सगळे धागे कामाला लागले होते याची याहून चांगली खूण नाही.

शेवटी टोकांवरची राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि तार फॉर्मरवर (कॉइल गुंडाळायच्या नळीवर) दोऱ्याने बांधून त्यावर मेणाचा थेंब टाकला. टिन केलेल्या आणि न केलेल्या भागाच्या सांध्याशी तार सर्वात आधी तुटते, तेव्हा ओढ दोऱ्यावर यायला हवी, सोल्डरवर नाही. रिळावरही आता मी गेजच्या शेजारी ‘थेंब घेते’ किंवा ‘खरवडा’ असं लिहून ठेवते.