शनिवारचा पाडवा

एम.ए. मराठीच्या चौथ्या सत्राची तोंडी परीक्षा तीन दिवसांवर आली होती. विभागातल्या टेबलावर स्पायरल केलेल्या संशोधन प्रकल्पांची चळत होती आणि मंगळवारी सकाळी मी त्यातला एक शेवटचा म्हणून वाचत होतो. विषय मनासारखा होता. पंचवटीतल्या एका उपाध्ये घराण्याकडे एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची हस्तलिखित पोथी आहे, तिचं वर्णन आणि भाषिक अभ्यास. शीर्षकात ‘पेशवेकालीन’ हा शब्द ठळकपणे होता.

पोथीच्या शेवटी लेखक, म्हणजे नक्कल करणारा, आपलं नाव आणि तिथी लिहितो ती पुष्पिका. विद्यार्थिनीने तिचं लिप्यंतर असं दिलं होतं: ‘शके १७०१ विकारी नाम संवत्सरे चैत्र शुध प्रतिपदा मंदवासरे तद्दिनी समाप्त’. शकात ७८ मिळवून तिने इ.स. १७७९ काढलं होतं. चैत्रातली तिथी असल्यामुळे तेही बरोबर. (पौषाच्या सुमारास इंग्रजी साल बदलतं, तिथून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. प्रकल्पांत ही चूक दरवर्षी एकदा तरी सापडते.)

तिने पडताळाही दिला होता. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. पहिला प्रभव, साठावा क्षय. १७०१ अधिक १२ म्हणजे १७१३, बाकी ३३, आणि तेहेतिसावा विकारी. ही रीत आपल्याकडच्या गणनेची. उत्तरेकडच्या बार्हस्पत्य, म्हणजे गुरूच्या गतीवर चालणाऱ्या, गणनेत मधूनच एखादा संवत्सर गळतो, त्यामुळे तिकडे लिहिलेल्या पोथीला ती डोळे मिटून लावता येत नाही. एकनाथांनी ‘रुक्मिणी स्वयंवर’ काशीत पुरं केलं, पण शके १४९३ ला प्रजापती म्हणताना त्यांनी आपली दक्षिणी गणनाच ठेवली: १५०५, बाकी ५, पाचवा प्रजापती. ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणासाठी त्यांनी शके १५०६ तारण हे साल दिलंय, तिथे बाकी १८ आणि अठरावा तारण. वर्गात मी ही रीत याच दोन सालांवर शिकवतो आणि ती तिने नीट उचलली होती.

अडलो ते ‘मंदवासरे’पाशी. लिप्यंतराखालच्या अर्थात त्या शब्दाला काहीच नव्हतं. पुष्पिकेत वार क्वचितच सरळ नावाने येतो. भानुवासर रविवार, इंदुवासर सोमवार, भौमवासर मंगळवार, सौम्यवासर बुधवार, भृगुवासर शुक्रवार आणि मंद म्हणजे शनी. म्हणजे पोथी पुरी झाली तो पाडवा शनिवारी आला होता. मोडकांची जंत्री १७२८ ते १८८९ या काळातल्या तिथी-तारखांचा मेळ देते. तिच्यावरून शके १७०१ चा पाडवा शनिवारच्या आधीच होऊन जातो.

मग प्रकल्पाच्या परिशिष्टातला पुष्पिकेचा फोटो बघितला. ‘१७’ स्वच्छ, शेवटचा ‘१’ स्वच्छ आणि मधे कसरीने खाल्लेलं भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं. लिप्यंतरात त्या जागी शून्य होतं. कंस नाही, टीप नाही.

तिला बोलावून घेतलं. “हे शून्य कुठून आलं?”

“सर, विकारी जुळतो ना. शून्यापासून एकेक आकडा घालून बघायचं ठरवलं होतं, पण पहिल्याच आकड्याला जुळलं. आणि पोथी ज्यांच्याकडे आहे त्या आजींच्या घरात सगळे म्हणतात ती पेशव्यांच्या वेळची.”

कागद पुढे केला आणि उरलेले नऊ आकडे तिलाच घालायला लावले. १७११ ला सौम्य, १७२१ ला सिद्धार्थी, १७३१ ला शुक्ल, १७४१ ला प्रमाथी, १७५१ ला विरोधी. १७६१ ला पुन्हा बाकी ३३, पुन्हा विकारी. तिथे तिचं पेन थांबलं. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणून दशकाचा आकडा गेला असेल तर एका शतकात दोन उत्तरं येऊ शकतात आणि संवत्सर दोन्हींना साक्ष देतो. त्या पडताळ्याने एक गोष्ट मात्र पक्की होते: शेवटचा आकडा १ च, ९ नाही. १२ मिळवून शेवटी ३ यायला हवा, तो १ मिळाल्याशिवाय येत नाही. जुन्या हातात १ आणि ९ यांचा गोंधळ फार होतो, त्यामुळे हेही थोडं नाही.

शके १७६१ चा पाडवा जंत्रीत १६ मार्च १८३९, शनिवार.

“पण सर, पंचांगापंचांगांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो ना?” तिचा प्रश्न रास्त होता. तिथी सूर्योदयाच्या आधी लागली की नंतर, एवढ्यावर वार सरकतो आणि जुन्या गणितात काही घटकांचं अंतर पडतंच. म्हणून एकट्या वारावर साल ठरवायचं नाही. संवत्सराने शक्यता दोनवर आणल्या, वाराने एकीकडे कौल दिला. तिसरी साक्ष खुद्द पोथी. दुपारचे तास बदलून घेतले आणि गंगापूर रोडवरून रिक्षा केली.

आजींनी पोथी देवघरातून आणली. लाल रुमाल, आत दोन लाकडी फळ्या, फळ्यांमध्ये सुटी पानं. पान सुमारे २२ सेंटिमीटर लांब, ११ रुंद, दर बाजूला दहा ओळी, ओव्यांचे आकडे आणि दंड तांबड्या शाईने. लग्न जमावं म्हणून या ग्रंथाचं पारायण करायची रीत आपल्याकडे आहे, त्यामुळे ही पोथी कपाटात पडून राहिलेली नव्हती. विवाहाच्या प्रसंगाची पानं कडेला मऊ पडली होती आणि त्यांच्यावर कुंकवाची बोटं होती. असे डाग वर्णनात नोंदवायचे असतात. पोथी कुठे उघडली जायची ते त्यावरून कळतं.

पानं उलटताना विद्यार्थिनीचं बोट सवयीने जिभेकडे गेलं. तिचा हात धरला. पोथीत जागोजाग पिवळे पट्टे होते, तो हरताळ. चुकलेलं अक्षर खोडायचं नाही, त्यावर हरताळ लावायचा आणि वाळल्यावर वर नवं अक्षर काढायचं. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळ सोमलाचं संयुग आहे, विषारी. बोट ओलं करून हस्तलिखित उलटायचं नाही ते कागदासाठी आणि आपल्यासाठीही.

शेवटचं पान खिडकीजवळ नेलं. फोटो तिने मोबाइलचा फ्लॅश मारून वरून काढला होता. समोरून पडलेला प्रकाश कागद सपाट करून टाकतो: भोक, डाग, शाई सगळं एका पातळीवर दिसतं. आता टॉर्च पानाच्या डाव्या कडेला, टेबलाशी जवळजवळ समांतर धरला. भोकाच्या कडा उठून आल्या आणि खालच्या उजव्या कडेला जाड्या तांदळाच्या टोकाएवढी एक काळी रेघ दिसली, खाली जाऊन उजवीकडे वळलेली. काजळाची शाई, ओळीतल्या इतर अक्षरांइतकीच दाट. शून्याला असं शेपूट नसतं. त्याच पोथीतले ओव्यांचे आकडे शेजारी ठेवले: ६, १६, २६, ३६. प्रत्येक सहाचं शेपूट त्याच वळणाचं. फोटोतही ती रेघ होती, पण कसरीची माती समजून तिने सोडून दिली होती.

तरीही एक खाच उरतेच. नक्कल करणारे पुष्कळदा समोरच्या पोथीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतात. ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ असं तेच लिहून ठेवतात, ते अक्षरशः खरं धरावं लागतं. म्हणजे १७६१ हे आदर्श प्रतीचं, म्हणजे जिच्यावरून नक्कल केली तिचं, साल असू शकतं आणि हातातली पोथी त्यानंतर वीस-तीस वर्षांनी लिहिलेलीही असू शकते. कागदावर पाणचिन्ह नव्हतं, पण तेवढ्याने काही ठरत नाही. देशी हातकागदावर ते नसतंच आणि असा कागद पुढेही पुष्कळ वापरात होता.

पुष्पिकेत लिहिणाऱ्याचं नाव होतं. आजी ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अहो, ते आमचेच. त्यांच्या हातच्या वह्या आहेत की आतल्या खोलीत.”

नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. कोण, कुठला, कुणाच्या नावाने श्राद्धाला आला, सोबत कोण, पुढे तिथी. यजमानांची नावं ही त्या घराची ठेव, तिची नक्कल करायची नाही, फोटो काढायचा नाही. आजींनी स्वतःच पानं उलटली. आम्ही वळण आणि साल एवढंच पाहिलं. बाळबोध अक्षर होतं, तोच ‘श्री’, तोच तिरका दंड, तसाच ‘येक’. त्या हातच्या नोंदी शके १७५० च्या पुढे सुरू होतात आणि १७७० च्या अलीकडे थांबतात. मधे १७६१ ची नोंदही होती आणि त्यातला सहा शाबूत होता. लिहिणारा माणूस त्या साली हयात, लिहिता आणि नाशकातच. साल त्याचं स्वतःचं, उसनं नव्हे.

आजींनी बोटांवर पिढ्या मोजल्या. “म्हणजे पोथी साठ वर्षांनी धाकटी झाली म्हणायची,” त्या म्हणाल्या, आणि रुमालाची गाठ मारली.

परतताना रिक्षात विद्यार्थिनी गप्प होती. पेशवाई १८१८ मध्ये संपली, पोथी १८३९ ची. शीर्षक गेलं आणि तिसरं प्रकरणही. त्या प्रकरणात तिने ‘येक’, ‘वोवी’, ‘शुध’ अशा रूपांवरून अठराव्या शतकातल्या भाषेचं चित्र काढलं होतं. ते प्रकरण साल चुकलं नसतं तरी टिकलं नसतं, आणि ते मी पहिल्या मसुद्यातच सांगायला हवं होतं. पोथीत भाषेचे दोन थर असतात. शब्द, प्रत्यय, ओवीची घडण हे एकनाथांचं, सोळाव्या शतकातलं. लेखनाच्या सवयी नक्कल करणाऱ्याच्या. काळ ठरवायला दुसरा थर घ्यावा लागतो, आणि त्या सवयी छापील मराठी रुळेपर्यंत एका पिढीकडून दुसरीकडे चालत राहिल्या. ‘येक’वरून शतक सांगता येत नाही.

बुधवार आणि गुरुवार तिने तेवढंच काम केलं. लिप्यंतर ‘१७[६]१’ असं चौकटी कंसात, खाली टीप: अंक कसरीने खाल्लेला, उरलेला अवशेष खालच्या उजव्या कडेला, गेलेल्या अंकाचं पूरण केलं ते संवत्सर, वार आणि अवशेषाचं वळण यांवरून. तिरप्या प्रकाशातला नवा फोटो, शेजारी मोजपट्टी. तिसऱ्या प्रकरणातली रूपं दोन रकान्यांत वेगळी केली: छापील आवृत्तीतही आहेत ती एकीकडे, फक्त या पोथीत आहेत ती दुसरीकडे. दुसऱ्या रकान्यात सत्तेचाळीस नोंदी उरल्या. प्रकरण निम्मं झालं आणि पहिल्यांदाच त्यातलं प्रत्येक वाक्य तिला बोट ठेवून दाखवता येत होतं. शीर्षकातला ‘पेशवेकालीन’ काढून ‘शके १७६१ मधील’ घातलं. आमच्याकडे प्रकल्पाचं शीर्षक विभागातच बदलता येतं म्हणून हे दोन दिवसांत निभावलं. पीएच.डी.ला हेच करायचं तर समितीची मान्यता लागते आणि महिने जातात.

शुक्रवारी परीक्षकांनी पुष्पिकेचं पान उघडलं आणि विचारलं, “सहा कशावरून?” तिने आधी संवत्सर मांडला, मग वार, मग फोटो पुढे सरकवला. वह्यांचा पुरावा सांगितला आणि त्या का छापल्या नाहीत तेही सांगितलं. परीक्षकांनी भिंग मागून घेऊन ती रेघ पाहिली.

मग त्यांनी विचारलं, “१८३९ मध्ये हाताने का लिहिली असेल?”

हा प्रश्न जुन्या सालाला कुणी विचारलाच नसता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२ चं, म्हणजे मुंबईत मराठी छपाई चांगली सुरू झालेली. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पंचवटीत हा माणूस पाडव्याला पोथी पुरी करतो आणि पुढच्याच वर्षी नदीपल्याड वाचनालय उभं राहतं. तिच्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, “सर, पानांवर कुंकू आहे. मला आधी त्या घरात छापील पोथी कधी आली ते शोधावं लागेल.”

पुढच्या आठवड्यात ती आजींकडे देवघरातली छापील पोथी बघायला गेली.