मृत ठरलेला नवरा परत आल्यावर कागद कसे निस्तरले : माझा अनुभव

आमच्या यवतमाळकडे कामाला बाहेर गेलेल्या माणसाचा सात वर्षं पत्ता लागला नाही की कोर्टातून त्याला मृत ठरवून घेतात, नाहीतर वावर वारसांच्या नावावर चढत नाही. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ आहे. मीही तसा हुकूम घेतला होता आणि मग एक दिवस हे दारात येऊन उभे राहिले. जो तो सांगायचा, मृत्यूचा दाखला फाडून टाक. तेवढ्यानं काही होत नाही.

आधी ओळख पक्की करा, अगदी घाईनं. कानामागचा भाजल्याचा व्रण पाहिला आणि माझ्या मनातला संशय तिथंच संपला. पण सातबाऱ्यावरचा हिस्सा कमी होणार म्हटल्यावर भासऱ्यांनीच, म्हणजे थोरल्या दिरांनीच, ‘हा तोतया आहे’ असं गावभर केलं. बायकोची साक्ष कोर्टात चालते, तरी सोबत भक्कम कागद हवा. आधार केंद्रावर नाव, जिल्हा आणि बोटाचे ठसे दिले की जुना आधार सापडतो. वीटभट्टीवर यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. ऑपरेटरनं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, दाबून धरायला लावला, तरी मशीन घेईना. अशा वेळी डोळ्यांचं स्कॅन मागून घ्या. डोळ्यांवरून जुना नंबर निघाला तेव्हा मी तिथंच बाकावर बसून रडले. शाळेची टी.सी. आणि जुनी मतदार यादीही जोडा. एवढ्यानंही वाद मिटला नाही तर आई किंवा मुलाशी डीएनए जुळवून पाहायची मागणी कोर्टात करता येते.

माणूस मनाच्या आजारात भटकला असेल आणि कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनसारख्या संस्थेनं घरी आणून सोडला असेल, तर तो कुठं सापडला हे त्यांच्याकडून लेखी घ्या. बरा दिसतो म्हणून औषध मधेच बंद करू नका.

मिसिंगची तक्रार ज्या ठाण्यात दिली तिथं त्याला स्वतः हजर करा आणि जबाबाची प्रत मागा. पुढं सगळीकडे ती लागते.

ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली रद्द होते. मूळ ओळ तशीच राहते, समासात शेरा, सही आणि तारीख पडते. मात्र नोंद कोर्टाच्या हुकमावरून झाली असेल तर ग्रामसेवक स्वतःच्या अखत्यारीत हात लावत नाही. त्याच कोर्टात जावं लागतं, माणूस उभा करावा लागतो.

वारसाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढल्याची नोंद, हा सगळ्यात चिवट भाग. कोणी सांगेल, तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चा अर्ज टाका. ते लेखनातल्या चुकीसाठी आहे, मंजूर झालेला वारस फेरफार त्यात उडत नाही. त्याच संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. मुदत ६० दिवसांची, ती कधीच उलटलेली असते, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबतच जोडा आणि त्यात माणूस परत आल्याची तारीख लिहा. मधल्या काळात वावर विकलं गेलं असेल तर घेणाऱ्यालाही पक्षकार करावं लागतं.

लग्नाचं विचाराल तर मी दुसरं केलं नव्हतं, घटस्फोटही घेतला नव्हता, त्यामुळं आमचं लग्न कायम होतं. सात वर्षं बेपत्ता या कारणावर घटस्फोट घेतलेला असेल तर एकत्र राहण्याआधी पुन्हा लग्न लावा. नुसत्या मृत्यूच्या हुकमावर बाईनं दुसरं लग्न केलं असेल, तर पहिला जिवंत निघाल्यावर हिंदू विवाह कायद्यानं ते दुसरं रद्दबातल ठरतं. दुसऱ्या नवऱ्याला खरी हकिकत आधी सांगितली असेल तर तिच्यावर द्विविवाहाचा गुन्हा मात्र होत नाही. अशा बाईला गावानं बोल लावू नये, तिनं काही चोरून केलेलं नसतं.

निराधार योजनेचे विधवा म्हणून महिन्याला १५०० रुपये येत असतील तर ते बंद करायचा अर्ज आपणहून तहसीलमध्ये द्या. उशीर झाला तर वसुली लागू शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.