ग्रुपवर हरवलेला फोटो

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या द्राक्षबागांना सल्ला देणं हा माझा व्यवसाय. राहायला नाशिकच्या पंचवटीत, पण गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की दिवस बागेत जातो आणि रात्र फोनवर. माझ्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, सव्वातीनशे जणांचा. फवारणीचं वेळापत्रक, हवामानाचा अंदाज, पानाचा फोटो आणि खाली "सर, हे काय आहे?" एवढ्यासाठीच तो काढला होता.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. मतदान २० तारखेला, बुधवारी. त्याआधीच्या शनिवारी, १६ ला, दुपारी मी निफाडकडे एका बागेत फेलफुटी, म्हणजे वेलीवरचे नको असलेले कोंब, काढायचं काम बघत होतो. खिशातला फोन सारखा थरथरत होता. उघडला तर कुणीतरी सभेचा फोटो टाकला होता, "आजची गर्दी बघा" असं लिहून. फोटोवर दोन बाणांची खूण, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला. आणि त्या गर्दीत निम्म्या डोक्यांवर छत्र्या. थंडीच्या तोंडावर छत्र्या कशा, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. खाली जुंपली होती.

सभेवरून गाडी कांद्यावर आली. "डिसेंबरात निर्यातबंदी झाली तेव्हा तुमचा नेता कुठे होता?" "४ मेला उठवली ना?" "उठवली ती ४० टक्के शुल्क लावून!" इथवर मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ८ डिसेंबर २०२३ च्या त्या बंदीने काय केलं हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, आणि ज्याचा कांदा चाळीत सडला त्याने हा प्रश्न विचारायचाच. पण पुढच्या दहा मिनिटांत "तुम्ही लोक" आलं, "विकले गेलेले" आलं, मग आडनाव निघालं आणि शेवटी बाप निघाला. मी ग्रुप म्यूट केला. संध्याकाळी बघू म्हटलं. संध्याकाळी दमून घरी आलो, जेवलो, झोपलो. बघितलं नाही.

रविवारी सकाळी सव्वासातला अण्णांचा फोन आला. अण्णा दिंडोरीकडचे, दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "सर, काल फोटो टाकला होता. तुम्ही बघितला नाही वाटतं."

मी ग्रुप वर सरकवत गेलो. एकशे चौऱ्याऐंशी मेसेज. त्यांच्याआधी, दुपारी चार पन्नासला, अण्णांचा फोटो होता. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी बुरशी. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं : "माझा फवारणीचा ब्लोअर गॅरेजला आहे. कुणाचा मोकळा आहे का?"

तासाभरात मी बागेत पोचलो. द्राक्ष ज्याने लावलंय त्याला वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. बाग दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याच्या तोंडावर असताना डाऊनी पानावर थांबत नाही, घडात शिरते. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात, आणि नोव्हेंबरातल्या पहाटेचं दव त्यांना तेवढं पाणी पुरवतं. चार पन्नासला उत्तर मिळालं असतं तर अंधार पडायच्या आत दोन एकर फवारून झालं असतं. ते न होता एक अख्खी दवाची रात्र गेली.

अण्णांच्या फोटोनंतरचा पहिलाच मेसेज आबांचा होता, चार त्रेपन्नचा. पिंपळगावकडच्या एका माणसाला त्यांनी लांबलचक उत्तर दिलं होतं. आबा म्हणजे अण्णांचे बांधाला बांध शेजारी. त्यांचा ब्लोअर त्या वेळी त्यांच्याच शेडमध्ये उभा होता.

कुणी निरोप दिला माहीत नाही, पण मी बागेत असतानाच आबा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून आले. टाकी भरेपर्यंत ते वेलींच्या ओळीत उभे राहून फोनवर स्वतःचेच मेसेज वाचत होते. मी विचारलं, "आबा, हे सगळं तुम्ही त्या माणसाला समोर बसवून बोलला असता का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "समोर असता तर त्याच्याही बागेची चौकशी केली असती मी." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आबांना चहा दिला.

त्या दुपारी मी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली. दोघातिघांनी लगेच पाठिंबा दिला. एकाने तर "सर, नाहीतर अ‍ॅडमिनला आत टाकतात" अशी भीतीही घातली. तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार ठरत नाही. त्या कृत्यात त्याचा समान हेतू दिसला पाहिजे. कायद्याने मी सुटलो होतो. अण्णांच्या बागेत मात्र मला तसं वाटत नव्हतं. भांडण पेटताना मी म्यूट दाबलं होतं.

रात्री एका वयस्क कांदा उत्पादकाचा फोन आला. द्राक्षं थोडी, कांदा जास्त. म्हणाले, "कांद्याचं शुल्क दिल्लीत ठरतं, सर. राजकारण बोलू नका म्हणजे माझ्या मालाच्या भावावर बोलू नका, असंच झालं की." मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. ज्या माणसाचं वर्षभराचं उत्पन्न एका अधिसूचनेवर हलतं, त्याला गप्प बसवणं हा कसला शिष्टाचार?

सोमवारी सकाळी जुना ग्रुप उघडला, फक्त बागेसाठी. राजकारणासाठी वेगळा काढला, नाव ठेवलं 'पार'. यायचं त्याने यावं. त्यात पहिला मेसेज मी जो लिहिला तो दोनदा खोडून लिहिला होता. निर्णयावर कितीही तुटून पडा, माणसावर नाही. कुठल्याही पक्षाच्या नेत्याला टोपणनावाने हाक नको, आपल्याला आवडत नाही त्याला तर मुळीच नको. पुढे ढकललेला फोटो टाकायचा असेल तर तो कधीचा, कुठला हे स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल तर टाकू नका. आणि "तुम्ही लोक" हे दोन शब्द इथे नकोत, कारण त्यानंतर समोरच्याचं कुणी ऐकत नाही. आवाज चढतोय असं मला वाटलं तर मी ग्रुपवर ओरडणार नाही, दोघांना वेगवेगळा फोन करीन. हे शेवटचं सर्वांत उपयोगी पडलं. फोनवर माणूस पहिल्या मिनिटात निवळतो. चारचौघांत टोकलं की तो आपली बाजू सोडत नाही, हे मी बागेत मजुरांच्या बाबतीतही बघितलंय.

सगळं सुरळीत झालं असं नाही. २३ ला निकाल लागला त्या संध्याकाळी हरलेल्यांना डिवचणारे मेसेज आलेच. मी तीन जणांना फोन केले. दोघांनी मेसेज काढला, एकाने ग्रुप सोडला. तो अजून परत आलेला नाही, आणि ते मला लागतं, कारण त्याच्या बागेचा सल्लाही सुटला.

अण्णांचे त्या दोन एकरांतले जवळपास एक तृतीयांश घड गेले.

२०२५ च्या मार्चमध्ये बातमी आली की कांद्यावरचं उरलेलं २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिलपासून रद्द. 'पार'वर लगेच श्रेयावरून सुरू झालं. आबा म्हणाले, सरकारने केलं. पिंपळगावचा तो माणूस म्हणाला, माल संपत आल्यावर केलं. माझा हात फोन लावायला निघाला होता. तेवढ्यात आबांनी लिहिलं, "तुमचं मला पटत नाही. पण तुमच्या कांद्याला काय मिळालं ते सांगा." पाच मिनिटांनी तिकडून आडत्याच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचा, फोटो आला. आबांनी त्याखाली आपली पट्टी टाकली.