माहे ऑक्टोबर

रविवारी दुपारी आईच्या स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला काढलं. आवरायला म्हणजे आई स्टुलावर बसून सूचना देणार आणि मी डबे खाली काढणार. तिसऱ्या फळीवर हळदीच्या डब्याखाली तेल पिऊन पिऊन पारदर्शक झालेला एक कागद चिकटला होता, तो उचकटायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे तो, त्याने झुरळं येत नाहीत." कागदाने झुरळं कशी येत नाहीत हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण तोवर मी वाचायला लागले होते आणि अर्धे डबे ओट्यावर तसेच.

"माहे ऑक्टोबर 1986. संपन्न झालेले उपक्रम."

क्लबचं बुलेटिन. सायक्लोस्टाईलवर काढलेलं, खाली सचिव म्हणून अण्णांची स्टेन्सिलवर कोरलेली सही, ती कायम उजवीकडे घसरायची. क्लब कुठला ते लिहीत नाही, त्या दोन मोठ्यांपैकी एक एवढं पुरे, गावात अजून आमची दोन घरं आणि एक खटला आहे. तसे दोघंही शिकागोचेच. रोटरी 1905 ची, पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने काढलेली, बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भरायची म्हणून रोटरी. लायन्स 1917 चा, तो मेल्विन जोन्स विम्याच्या धंद्यातला. आपल्याला शिकागो म्हटलं की विवेकानंद तेवढे आठवतात, पण आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जो मटार पुलाव व्हायचा त्याचं मूळसुद्धा त्याच शहरात आहे.

सभेचा हॉल म्हणजे सोसायटीच्या गोडाऊनवरची खोली, खालून युरियाचा वास. अध्यक्षांच्या गळ्यात पदकांचा पट्टा, समोर पितळी घंटा. सॉ-मिलवाले, दातांचे डॉक्टर, दोन वकील, एक प्राध्यापक आणि आमचे अण्णा, ज्यांचं पाईप-मोटारींचं दुकान होतं. दिवसभर एकमेकांकडे उधारी मागणारी ही माणसं घंटा वाजली की एकमेकांच्या नावाआधी इंग्रजी बिरुद लावून बोलायची. पिन लावली नाही, दोन रुपये दंड. वाढदिवस लपवला, पाच रुपये. (लायन्समध्ये दंड करणाऱ्या पदाधिकाऱ्याला टेल ट्विस्टर म्हणतात, शेपूट पिरगाळणारा, अशी पोस्ट आमच्या सरकारी खात्यात का नाही असं मला नेहमी वाटतं.) आम्ही पोरं मागच्या सतरंजीवर, पुलावाच्या पातेल्याकडे डोळे लावून, आणि मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे हे पातेल्याच्या आधी का असतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

अहवाल दर महिन्याला वर गव्हर्नरांकडे जायचा. गव्हर्नर म्हणजे राजभवनातले नव्हेत, डिस्ट्रिक्टचे, आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, बऱ्याच क्लबांचा मिळून एक विभाग. क्लबचा पाडवा 1 जुलैला. 30 जूनच्या रात्री बारा वाजता अध्यक्ष माजी होतात, त्यामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्या अध्यक्षांना सेवेचा भयंकर उमाळा यायचा आणि त्याच आठवड्यात गावातल्या सगळ्या शाळकरी पोरांचे दात तपासले जायचे.

बुलेटिनमधली पहिली ओळ: नेत्रशिबिर, तपासणी 212, शस्त्रक्रिया 31, भोजनव्यवस्था क्लब.

"क्लब म्हणजे कोण?" आई स्टुलावरून. "मी आणि वकिलीणबाई. एकतीस माणसांचा शिरा आणि मऊ भात, पाच दिवस. तुझे अण्णा म्हणायचे साखर बेताने घाल, बजेट नाही." बायकांना सभासद करून घ्यायचं लायन्सने ठरवलं 1987 ला, रोटरीने 1989 ला, म्हणजे या कागदाच्या वेळी आई नियमानुसार भोजनव्यवस्थाच होती.

शिबिर आमच्याच शाळेत व्हायचं, दिवाळीच्या सुट्टीत. मिरजेहून डोळ्यांचे डॉक्टर यायचे, चौथीच्या वर्गाच्या भिंती फिनाईलने धुतल्या जायच्या, तिथे ऑपरेशनं, आणि पाचवी-सहावीत पेशंट ओळीने गाद्यांवर उताणे, डोळ्यावर पट्टी, डोकं हलवायचं नाही. माझं काम नंबराच्या चिठ्ठ्या देणं आणि माशा वारणं. तेव्हा डोळ्यात भिंग बसवणं आमच्याकडे आलं नव्हतं, मोती काढून टाकायचे आणि दीड महिन्याने जाड काचांचा चष्मा द्यायचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. तोवर सगळं धूसरच. पण रंग दिसायचे.

एकवीस नंबरची आजी वाडीवरची होती. पट्टी सोडली त्या सकाळी डॉक्टर तिच्यापुढे बोटं धरून किती आहेत विचारत होते आणि ती त्यांच्याकडे न बघता खाली स्वतःच्या मांडीकडे बघत होती. मग एकदम सुनेला म्हणाली, "ह्ये निळं हाय व्हय गं?" सून म्हणाली, "व्हय की, निळंच हाय." "आन मी सा वर्सं ह्ये हिरवं म्हनून नेसतीया! हळदीकुकवाला हिरवं म्हनून ह्येच काढती! एकीनं तोंड उघडलं न्हाई." सुनेने समजावलं की मामंजी म्हणाले होते राहू दे तिच्या मनात हिरवं तर हिरवं. आजी जी खवळली ती डॉक्टरांनी गप बसा टाका आहे म्हटलं तरी ऐकेना. पुढे मोठेपणी वाचलं की मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, त्यातून निळा नीट येतच नाही, तो हिरवट वाटतो. म्हणजे आजीची काही चूक नव्हती. पण मला अजून वाईट वाटतं ते तिच्या नवऱ्याचं, घरी गेल्यावर त्याचं काय झालं असेल.

यातलं काही बुलेटिनमध्ये नाही. बुलेटिनमध्ये "शिबिर उत्साहात संपन्न झाले."

डोळे हे तसं लायन्सचं खातं, 1925 मध्ये त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी आवाहन केलं तेव्हापासूनचं, आणि पोलिओ रोटरीचं, 1985 पासून. पण तालुक्याच्या गावात खातेवाटप इतकं काटेकोर नसतं, ज्याला मंडप फुकट मिळेल तो शिबिर घेतो. पुढे पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले तेव्हा अण्णा एसटी स्टँडवरच्या बूथवर बर्फाचा डबा घेऊन बसायचे, आणि ती सवय अंगात एवढी भिनली की लग्नात कुणाचंही पोर दिसलं की नाव विचारायच्या आधी डाव्या हाताची करंगळी बघायचे, शाई आहे का. देशातली शेवटची केस 2011 च्या जानेवारीतली, हावडा जिल्ह्यातली. 2014 ला भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला ते कात्रण त्यांनी दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली सरकवलं, शेजारी सबमर्सिबल पंपाचं रेटकार्ड. गिऱ्हाइकाने रेट विचारला की बोट चुकून कात्रणावर जायचं, मग पाच मिनिटं पोलिओ.

एक गोष्ट मला कधीच सहन झाली नाही ती म्हणजे फोटो. एक वही, तिला नऊ जणांचे हात. वही घेणारं पोर त्या हातांमागे झाकलेलं, फक्त टाळू दिसतेय. मी एकदा, आठवी-नववीत असेन, अण्णांना म्हटलं की वहीचा फोटो काढायचाय का हातांचा, तर म्हणाले, हातांचाच, तेच पुढच्या वर्षीच्या वह्यांचे पैसे देणार आहेत. यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही.

दुसरी ओळ रक्तदान, 18 बाटल्या. तिसरी वह्यावाटप, 800. आणि चौथी: स्वर्गरथ, फेऱ्या. तिथे आधी 6 लिहून त्यावर गिरवून 7 केलंय.

स्वर्गरथ म्हणजे क्लबची शववाहिका, जुन्या मेटॅडोरची बनवलेली. नावावर दोन सभा गेल्या होत्या. शववाहिका ऐकायला बरं वाटत नाही, वैकुंठरथ शेजारच्या गावाने घेतलेलं, स्वर्गरथ म्हणावं तर वकीलसाहेब म्हणाले स्वर्गाची हमी क्लब कशी देणार, उद्या कोणी क्लेम केला तर. शेवटी पेंटरने विचारलं, अक्षरं किती ते सांगा, मी अक्षरावर पैसे घेतो. शववाहिका पाच, वैकुंठरथ पाच, स्वर्गरथ चार. ठरलं. खाली "सौजन्य" मात्र अख्खं, देणगीदारांच्या नावांसकट.

किल्ली आमच्या घरी, कालनिर्णयच्या शेजारच्या खिळ्याला. कारण फोन आमच्याकडे होता. रात्री-अपरात्री फोन वाजला की आई उठून चहा टाकायची, अण्णा ड्रायव्हरला उठवायला सायकलवर जायचे, आम्ही कूस बदलून झोपायचो. इतर घरांत रात्री फोन वाजला की धस्स व्हायचं म्हणे. आमच्याकडे फक्त आई विचारायची, "कुठल्या गल्लीत?"

आणि त्याच गाडीतून त्या ऑक्टोबरात वह्या गेल्या. टेम्पोवाला आयत्या वेळी उसाला गेला, आठशे वह्या दुकानात पडून, वाडीच्या शाळेत मुलं रांगेत उभी. अण्णा म्हणाले गाडी धुतलेली आहे, काय फरक पडतो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. वाडीच्या वेशीतून गाडी आत शिरली तशी घराघरातून माणसं बाहेर यायला लागली, पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, एक बाई धावत आली आणि काचेवर हात मारून "कोन गेलं, कोन गेलं" करत रडायलाच लागली, तिचा मुलगा मुंबईला गोदीत होता. अण्णा खाली उतरून सांगतायत, वह्या आहेत, वह्या, शंभर पानी, कोणी ऐकेना. मागचं दार उघडून दाखवलं तेव्हा कुठे शांत झालं. मग त्याच बाईने अण्णांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. हेडमास्तरांनी वह्या उतरवून घेतल्या पण मुलांना देण्याआधी प्रत्येक गठ्ठ्यावर गोमूत्र शिंपडलं. पोरांनी त्या वापरल्या का ते माहीत नाही. अहवालात संख्या 800 आहे.

तो गिरवलेला सात. 31 ऑक्टोबरला रात्री अकराला गाडी मिरजेच्या एका हॉस्पिटलमधून कुणाला तरी आणायला निघाली आणि परत आली तेव्हा नोव्हेंबर लागला होता. ही फेरी कुठल्या महिन्याची? खजिनदार म्हणाले डिझेलचं बिल नोव्हेंबरचं आहे. यावर पुलाव थंड होईपर्यंत चर्चा झाली आणि अण्णांनी नियम केला तो वृत्तांतात आहे: गाडी निघाली ती तारीख. फोन आला ती नाही, पोचली ती नाही. मला आठवतं कारण घरी येऊन आई म्हणाली होती, मेलेल्या माणसाच्या तारखेवरून भांडता, लाज नाही वाटत? अण्णा म्हणाले, उपक्रमाच्या तारखेवरून.

तीन वर्षांपूर्वी 30 जूनला संध्याकाळी अण्णा गेले. थोरली नागपूरहून निघाली होती, तिच्यासाठी रात्रभर थांबलो. फोन करायला लागला नाही, क्लबला कळलेलंच होतं, गाडी कधी लागेल एवढंच विचारलं त्यांनी. सकाळी साडेसहाला दारात आली. मेटॅडोर कधीच भंगारात गेली, ही नवी, काचेची, आत ट्यूबलाइट. बारीक पाऊस होता. किल्ली बऱ्याच वर्षांत आमच्याकडे नसते पण खिळा आहे, त्याला आई आता लाइटबिलं अडकवते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबचा सेक्रेटरी आला, मोबाइलच्या दुकानवाला तरुण मुलगा. चहा प्यायला, अण्णांबद्दल चार शब्द बोलला, पण उठेना. टोपी हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "ताई, विचारायला बरं वाटत नाही बघा. पण गाडीची नोंद तीस तारखेला झाली, जुन्या अध्यक्षांच्या वर्षात. ते म्हणतायत अण्णा आमचे, आमच्यात धरा. आणि गाडी आली एक तारखेला, तर नवीन अध्यक्ष म्हणतायत वर्षाची सुरुवात अण्णांच्या सेवेने झाली असं होईल. मला अहवाल पाठवायचाय."

मी काय बोलणार, मी त्याच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "गाडी निघाली ती तारीख."

जुलैचं बुलेटिन व्हॉट्सॲपवर आलं, रंगीत पीडीएफ. वृक्षारोपण, 50 रोपे. वह्यावाटप, 1200. स्वर्गरथ, 4 फेऱ्या.

"वाचून झालं असेल तर डबे लाव," आई म्हणाली. कागद होता तसाच फळीवर दाबून बसवला आणि हळदीचा डबा वर ठेवला.