टॅपेट नव्हे, पॅकिंग: जुन्या आठशेच्या टिकटिकीचा शोध

गेल्या हिवाळ्यात आमच्या १९९८ सालच्या मारुती ८०० ने सकाळी सेल्फ मारल्याबरोबर टिकटिक करायला सुरुवात केली. आवाज शिवणयंत्रासारखा, कोरडा आणि जलद होता. रेस दिली की त्याची गती वाढे, चढावर तो अधिक ठळक होई आणि पाच-सहा किलोमीटर गेल्यावर इंजिन तापले की जवळजवळ नाहीसा होई. नेहमीच्या गॅरेजमधील मिस्त्रींनी बोनेट उघडण्यापूर्वीच ‘टॅपेट वाजतंय’ असे निदान केले (टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग; त्यांच्यात बारीक फट ठेवावी लागते) आणि त्याच दिवशी त्या फटीचे सेटिंग करून दिले. आवाज तसाच राहिला. आठवड्याने पुन्हा सेटिंग झाले, तरीही फरक पडला नाही, तेव्हा ‘आता हेड (म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल’ असे उत्तर मिळाले. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून मायेपोटी सांभाळलेली गाडी असली, तरी केवळ अंदाजावर तिचे हेड उतरवायला मन धजेना, म्हणून मी ती घरी आणली आणि एक रविवार तिच्यासाठी राखून ठेवला.

सर्वांत आधी डिपस्टिक पाहिली, कारण ऑईल कमी असेल तर पुढचा सारा शोध व्यर्थ असतो. पातळी ठीक होती. या गाडीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. हेडमध्ये सहा व्हॉल्व्ह आणि ते उघडणारा एकच कॅमशाफ्ट. टॅपेट साध्या स्क्रू-नटाचे असल्याने हायड्रॉलिक लिफ्टर (ऑईलच्या दाबाने फट आपोआप भरणारे टॅपेट) अडकण्याचा प्रश्न येत नाही, आणि आमची गाडी कार्ब्युरेटरची असल्याने इंजेक्टरही नाहीत. (एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने इंधन फवारणारी, गाडी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की इंजेक्टरची बारीक टिकटिक हा दोष नसून त्यांचे नित्याचे काम आहे.) दोन संशयित असे बसल्या जागी गळले.

त्यानंतर लय तपासली. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे आयडलिंगला ९०० आरपीएम धरले, तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसात वेळा उघडतो. एवढ्या वेगाचे ठोके कानाने मोजणे कठीण, म्हणून एका मित्राची टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) आणून एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लावली. ती दर दोन फेऱ्यांना एकदा चमकते. प्रत्येक चमकेबरोबर एकच ‘टिक’ ऐकू आली, तर आवाज कॅमच्या लयीतला असतो. दोन ऐकू आल्या, तर नजर खाली, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडकडे वळवावी लागते, आणि तिथला खर्च निराळा असतो. माझ्या गाडीत चमकेला एकच टिक होती, त्यामुळे थोडा जीव भांड्यात पडला.

मात्र इथेच माझी फसगत होण्याची वेळ आली होती. अर्ध्या गतीची लय म्हणजे टॅपेटच, असे मीही क्षणभर मानले. वास्तविक कॅमवर चालणारा यांत्रिक फ्युएल पंप त्याच लयीत वाजतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (जळलेला वायू हेडमधून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) पॅकिंग एखाद्या सिलिंडरपाशी फुटले असेल, तर तिथून निसटणारा वायूही दर दोन फेऱ्यांना एकदाच फुटका ‘टिक’ करतो. या तिघांत निवड करायला लय पुरत नाही. तिथे उष्णता उपयोगी पडते.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर अधिक प्रसरण पावते, म्हणून गरम इंजिनात टॅपेटची फट वाढते, कमी होत नाही. सैल टॅपेटचा आवाज गाडी तापल्यावर विरून जाण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही. उलट मॅनिफोल्डची बारीक फट धातू फुगला की मिटते. सकाळचा आवाज आणि पाच किलोमीटरनंतरची शांतता ही खूण पहिल्या दिवसापासून समोर होती, पण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी नेहमीच तापलेली असे, त्यामुळे मिस्त्रींनी तो आवाज पुरता ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी उघड्यावर काढून, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक व्हॉल्व्ह कव्हरवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकले. कव्हरवर आवाज होता, पण बोथट. फ्युएल पंपावर त्याहून कमी. मग स्क्रू ड्रायव्हर ठेवून हातभर रबरी नळी घेतली, कारण धातूवरचा ठोका धातूतून नीट ऐकू येतो, पण निसटणारी हवा नळीतूनच पकडावी लागते. नळीचे टोक मॅनिफोल्डच्या जोडावरून सरकवत नेले आणि तीन नंबरच्या सिलिंडरपाशी कानात जणू कोणी तोंडाने ‘च्-च्-च्’ करू लागले. इंजिन बंद करून त्या सिलिंडरची वायर काढली, ती एका जुन्या प्लगला जोडून तो प्लग बॉडीला अर्थ केला आणि काही सेकंद गाडी दोन सिलिंडरवर चालवली. टिकटिक थांबली. ज्वलनच नाही तर दाब नाही, आणि दाब नाही तर गळतीचा आवाज नाही. सैल टॅपेट असता तर तो प्लगची पर्वा न करता वाजतच राहिला असता.

खात्रीसाठी थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू चिंधीने बसवली आणि जोडावर साबणाचे पाणी सोडले. तीन नंबरपाशी फेसाची द्राक्षे लोंबू लागली. पत्र्याचे संरक्षक आवरण काढल्यावर पंख्यासारखा पसरलेला काळ्या काजळीचा डाग दिसला आणि त्याच्या मुळाशी मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा, पण मधोमध तुटलेला स्टड.

आता टॅपेटची गोष्ट, जी मला आवाजापेक्षा अधिक गंभीर वाटते. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे कव्हर उघडले, तर थंड इंजिनासाठी असलेली फिलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) ०.१५ मिलिमीटरची पाती एकाही एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली शिरेना, ०.०५ ची पातळ पाती कशीबशी गेली. तापलेल्या इंजिनावर थंड इंजिनाचे माप लावून दोनदा सेटिंग केल्याचा तो परिणाम होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो; फट इतकी आवळली की तो नीट टेकत नाही आणि कडेने जळू लागतो. टॅपेट अगदी गप्प झाले की आपल्याकडे काम झकास झाल्याचे समजतात, पण मला तरी किंचित वाजणारे टॅपेट बरे वाटते. मी सहाही व्हॉल्व्ह थंड मापाने पुन्हा लावले. पाती जाड वहीच्या पानांतून कागद ओढावा तितक्या अडखळीने सरकली पाहिजे, आणि लॉकनट आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासावे लागते.

स्टडचे काम माझ्या हातचे नव्हते. एका वेल्डरने तुटलेल्या टोकावर नट ठेवून तो आतून वेल्ड केला; त्या तापानेच गंज सैल झाला आणि स्टड पान्ह्याने अलगद बाहेर आला. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ पट्टी ठेवून पाहिला, तीन नंबरच्या कडेला किंचित वाक होता, तो लेथवाल्याकडे घासून घेतला. नवे पॅकिंग आणि सर्व नवे नट बसवले. सुमारे ३०० किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर नट पुन्हा तपासले, तर मधले दोन जवळजवळ पाव फेरा आवळले गेले.