लांब काठीची रेघ

फ्रान्समधल्या नीसला येऊन 8 वर्षं झाली तरी बसने तासाभरावर असलेल्या व्हाँसला मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा गेले, तेही हे मागे लागले म्हणून. फ्रेंच चित्रकार मातीसने तिथल्या नन्ससाठी केलेलं चॅपल, म्हणजे छोटंसं प्रार्थनाघर आहे. आत गेल्यावर खरं सांगू, निराशाच झाली. पांढऱ्या टाइल्स, त्यावर काळ्या रेघा, माणसांना नाक ना डोळे. येशूच्या शेवटच्या वाटचालीचे 14 प्रसंग एकाच भिंतीवर दाटीवाटीने, शेजारी आकडे, फोनवर बोलता बोलता कुणी गिरवावं तसं. यासाठी तिकीट काढलं?

मग बसले, कारण गुडघे. आणि बसले म्हणून दिसलं, पिवळ्या-हिरव्या-निळ्या काचांमधून आलेलं ऊन जमिनीवरून हळूहळू सरकत होतं, अख्ख्या खोलीत रंग काय तो तेवढाच.

1941 मध्ये कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झाल्यावर मातीस बराचसा अंथरुणात नाहीतर व्हीलचेअरवर असायचा. तेव्हा त्याची शुश्रूषा करणारी तरुण नर्स पुढे नन झाली आणि तिच्यामुळे तो या कामात पडला. पुढची जवळजवळ 4 वर्षं तेच. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून तो चित्रं काढायचा. 1951 च्या जूनमध्ये चॅपलचा सोहळा झाला तेव्हा तो 81 चा होता आणि आजारपणामुळे जाऊच शकला नाही!

हे म्हणाले, नेमाने चर्चला न जाणाऱ्या माणसाने शेवटची वर्षं चर्चला कशी काय दिली? मला तो प्रश्न तितका परका वाटला नाही. आई गेल्यापासून माझी पोथी सुटली. देवाशी भांडण वगैरे काही नाही, नुसतं बोलणं कमी झालं, लांब राहणाऱ्या बहिणीशी होतं तसं. पण वॉटरकलर करताना ओल्या कागदावर रंग आपला आपण पसरायला लागला की मी श्वास रोखून बघत बसायचे, आणि आईसुद्धा पोथी मिटल्यावर तशीच बसायची, हे त्या बाकावर बसेपर्यंत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी अंगठ्याचा सांधा दुखायला लागला आणि ब्रश धरणं बंद झालं. सगळ्यांना सांगायचे, आता वय झालं, कंटाळा येतो. कंटाळा कसला, माझी रेघ वाकडी यायला लागली होती आणि ती मला बघवत नव्हती.

परवा पडद्याचा जुना रॉड काढला, टोकाला ब्रश बांधला, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं. लांब काठीने काढताना बोटं नाही, खांदा हलतो, त्यामुळे अंगठा गप्प राहिला. रेघ मात्र भलतीकडेच गेली, वर्तमानपत्र सोडून थेट भिंतीवर, चांगली हातभर निळी.

घर भाड्याचं आहे. हे म्हणतायत पुसून टाक, मी म्हटलं जरा थांबा.