जेनचा कफ, आठवडा सातवा : साडेचारवरून चारवर

कफावर भरायच्या नऊपैकी चार नक्ष्या झाल्या. परवापर्यंत साडेचार होत्या. अर्धी उसवली, त्याचं रडगाणं पुढे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. हान्स होल्बाइनने १५३६-३७च्या सुमारास काढलेलं जेन सीमोरचं चित्र व्हिएन्नाला आहे. ही आठव्या हेन्रीची तिसरी राणी. लोक तिचे दागिने बघतात, मी मनगटाशीच अडकले. रुपेरी बाहीतून बाहेर आलेली पांढरी चुणीदार झालर, आणि तिच्यावर काळ्या रेशमाने घरं मोजून भरलेलं काम. हेच ब्लॅकवर्क. हुबेहूब नक्कल करायची माझी छाती नाही, वेल माझी मीच आलेखाच्या कागदावर बसवली आहे.

कापड २८ काउंटचं, म्हणजे इंचाला २८ धाग्यांचं लिनन, दोन धाग्यांवर एक टाका, म्हणजे इंचाला चौदा. काळ्या लडीचा एकच पदर. एक नक्षी २४ टाके रुंद, नऊ मिळून २१६, जवळपास साडेपंधरा इंच. चुण्या घातल्या की मनगटाला बसेल.

टाका दुहेरी धावदोऱ्याचा. जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. येताना सुटलेली घरं भरायची. झालर उलटली तरी मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, ही त्याची खुबी. याच चित्रकारावरून त्याला होल्बाइन टाका म्हणतात. धारवाडच्या कशिद्यात हाच टाका गवंती. आजीच्या इरकलीचा पदर मी उलटा करून बोटाने चाचपला, एक गाठ लागली नाही. माझ्या कफाच्या मागे तूर्तास तीन शेपट्या लोंबताहेत.

आता रडगाणं. पाचव्या नक्षीत वेल वळते तिथे मी दोनऐवजी तीन धागे उचलले. जाताना काही कळत नाही, कारण शेजारी ताडून बघायला काही नसतंच. परत येताना सुई रिकाम्या घरात उतरायला गेली आणि घर एका धाग्याने सरकलेलं! रात्रीचे साडेअकरा, पांढऱ्या दिव्याखाली काळा दोरा, आणि चूक अठ्ठावीस टाके मागे. उसवलं. काळ्या दोऱ्याची लव पांढऱ्या कापडात अडकून राहते, ती चिकटपट्टीने टिपून काढली. एक गोष्ट मात्र शिकले: परतीला सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने काढायची आणि खालच्या अंगाने घालायची, दरवेळी तसंच. रेघ सरळ येते, दातेरी होत नाही.

उसवताना डोक्यात हेन्रीची पहिली राणी, ॲरागॉनची कॅथरिन होती. १५०१ साली स्पेनहून आलेल्या या राजकन्येनेच ब्लॅकवर्क इंग्लंडात आणलं, असं सगळीकडे सांगतात. मला ते पटत नाही. तिच्या शंभर वर्षं आधीच्या इंग्रजी काव्यात एका सुताराच्या बायकोच्या गळपट्टीवर कोळशासारखं काळं रेशीमकाम आहे. कॅथरिनमुळे त्याला भाव आला, एवढं म्हणू या.

पण नवऱ्याचे सदरे ती करत असे, हे खरं. १५३० साली हेन्री तिच्यापासून सुटका मागत होता, पुढे त्याची दुसरी राणी झालेली ॲन बोलिन दरबारात राणीच्या तोऱ्यात वावरत होती, आणि सदऱ्यांचं कापड मात्र अजून कॅथरिनकडेच जात होतं! ॲनला हे कळलं तेव्हा तिने कापड नेणाऱ्या सरदाराला फैलावर घेतलं. राजाला तिच्यासमोर कबूल करावं लागलं की पाठवणारा आपणच. पवित्र रोमन सम्राटाच्या वकिलाने ही बातमी लगेच लिहून धाडली. मला ॲनचा राग कळतो. मुकुट, पदव्या सगळं पुढे मिळेल, पण अंगाला लागणारा सदरा अजून पहिलीच्या हातचा.

१५२९ साली दोन कार्डिनल कॅथरिनला समजवायला गेले, तेव्हा ती दालनातून बाहेर आली ती गळ्यात पांढऱ्या दोऱ्याची लडी अडकवूनच. मी दासींबरोबर कामाला बसले होते, असं म्हणाली. मुद्दाम की चुकून? माझं मत मुद्दाम. लडी काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

आणि ॲनची मुलगी एलिझाबेथ. १५३६ मध्ये आईचं डोकं उडवलं, हिला अनौरस ठरवलं. पाच-सहा वर्षांच्या या पोरीने नववर्षाची भेट म्हणून सावत्र भाऊ एडवर्डला स्वतः केलेला तलम सदरा दिला. एडवर्ड म्हणजे जेनचा मुलगा. त्या वयात मी बाहुलीची चिंधी वाकडी कापत होते.

पुढच्या आठवड्यात पाचवी आणि सहावी. तोवर एक सल्ला हवाय. दुसरा कफ रेशमात करायचा विचार आहे. जुन्या कामांत लोहयुक्त काळ्या रंगाने रेशीम खाऊन टाकलंय, कित्येक ठिकाणी नुसती सुईची भोकं उरलीत. आजच्या काळ्या रेशमाचं तसं होत नाही, पण धुताना रंग सोडणारं कोणतं आणि न सोडणारं कोणतं, हे कुणी पांढऱ्या लिननवर करून पाहिलंय का?